मतदार थोडे, खुर्च्या दोनशे

26 डिसेंबर 1979 रोजी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका शाळकरी मुलाने आपली झोपायची खोली हाच स्वतंत्र देश असल्याचे जाहीर केले आणि राजेपद स्वतःकडेच ठेवले. हेच तालोसाचे राज्य. पुढे शहराचा पूर्व भाग, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे एक बेट आणि अंटार्क्टिकाचा एक तुकडाही हक्कात आला, अर्थात कागदावर.

राज्य म्हटले की संसद आलीच. कनिष्ठ सभागृह कोसा, जागा 200, वाटप मतांच्या प्रमाणात. तत्त्वाला नावे ठेवायला जागा नाही. पंचाईत एवढीच, की तितके मतदार मिळतीलच याची खात्री नाही. समजा, 90 जणांनी मते दिली, तर दर मतामागे सव्वादोनच्या आसपास जागा येतात. इतर देशांत हजारो-लाखो मतदार मिळून एक खासदार निवडतात. इथे एका मतदाराच्या पदरात दोन खासदार पडून वर अपूर्णांक शिल्लक!

बरे, इतकी माणसे आणायची कुठून? त्यावर उपाय सोपा: एकाच सदस्याने अनेक जागा धरायच्या. म्हणजे एक गृहस्थ ‘हो’ म्हणाले, की दहा-वीस मतांचा पाठिंबा नोंदला जातो. रावणालाही असूया वाटावी.

आपल्याकडच्या पक्षफोड्यांनी तिकडे एक अभ्यासदौरा जरूर काढावा. वीस मते फोडायची, तर रिसॉर्टमध्ये खोली एकच लागेल.