पत्रा काढलेला माणूस

ओव्हरक्लॉकर, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणारा माणूस, ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्या संगणकाच्या कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा. तो जागेवर नसतो. हवा खेळावी म्हणून तात्पुरता काढलेला असतो. तात्पुरता म्हणजे साधारण 2009 पासून.

या जमातीचे दैवत इंटेलचा कोअर 2 क्वाड क्यू6600. जानेवारी 2007 मध्ये आलेला, चार कोअरचा, 2.4 गिगाहर्ट्झचा. त्याचे गणित पाढ्याइतके सोपे आहे: मदरबोर्डचे घड्याळ 266 मेगाहर्ट्झ, गुणक 9. गुणक वर सरकत नाही, पण बायोसमध्ये शिरून 266 चे 333 केले की 3 गिगाहर्ट्झ हाती पडतात. फुकट. हा शब्द उच्चारताना ओव्हरक्लॉकरचा चेहरा भाजीवाल्याने वर कोथिंबीर घातल्यासारखा उजळतो. या फुकट वेगासाठी तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वीतभर उंचीचा कूलर, थर्मल पेस्ट, दोन पंखे आणि दणकट एसएमपीएस विकत आणतो.

वेग वाढवला की प्रोसेसर अडखळतो. मग व्होल्टेज वाढवावे लागते, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. वेग सव्वापट आणि व्होल्टेज 1.25 वरून 1.4 केले, तर उष्णता दीडपटीच्याही पुढे जाते. म्हणून पत्रा. तो इकडे रिकामा बसत नाही. मे महिन्यात त्यावर पापड वाळतात, जुलैत तो खिडकीतली झड अडवतो, आणि भाद्रपदात सोनेरी कागद लावून गणपतीमागे उभा राहतो.

वाढवलेला वेग टिकतो की नाही, हे पाहण्याचे साधन प्राइम95. मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेली ही प्रणाली प्रोसेसरला रात्रभर घाम फोडते. मॉनिटरवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी लागते. पहाटे निळा पडदा दिसतो, किंवा वीज गेलेली असते. दोन्ही प्रसंगी निष्कर्ष एकच निघतो: व्होल्टेज किंचित कमी पडले. हाव फारच वाढली तर यंत्र चालूच होत नाही. मग मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढून परत बसवायची. संगणक सारे विसरून 2.4 वर येतो आणि तारीख कुठल्या तरी जुन्या 1 जानेवारीला जाऊन बसते.

एवढ्या वेगाने करायचे काय, हा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळीच विचारतात. क्रिकेटचा स्कोअर पाहणे आणि वीजबिल भरणे, ही मुख्य कामे. बिल लवकर भरले जात नाही. जास्त मात्र येते.

तरीही सोसायटीत कोणाचा संगणक मेला की बोलावणे यालाच जाते, आणि हा रात्री अकराला पेस्टची ट्यूब व ती पसरायला मुदत संपलेले एटीएम कार्ड घेऊन हजर होतो. 2020 मध्ये शाळा घरात शिरली तेव्हा माळ्यांवरची कित्येक जुनी धुडे अशाच हातांनी उठवली. पोरांच्या त्या यंत्रांचा वेग त्याने एका मेगाहर्ट्झनेही वाढवला नाही. पत्रेही सगळे स्क्रू लावून घट्ट बसवले. धोका नेमका कुठे आहे, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

त्याचा धंदा इंटेलनेच बसवला. 2011 च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत मूळ घड्याळ 100 मेगाहर्ट्झवरून जेमतेम हलायचे. गुणक सुटा हवा तर नावात ‘के’ असलेला प्रोसेसर जादा पैसे मोजून घ्यायचा. म्हणजे फुकट संपले. आता तर प्रोसेसर आपला ताप पाहून आपणच वेग चढवतो, आपणच उतरवतो. ओव्हरक्लॉकर नवा लॅपटॉप घेतो, उलटा करून पाहतो आणि परत सुलटा ठेवतो.

क्यू6600 मात्र कोपऱ्यात 3 गिगाहर्ट्झवर चालूच असतो. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी पत्रा पुसून पुढे करते, काडेपेटीत जपलेले स्क्रू निघतात. पत्रा काही बसत नाही. कूलर बोटभर बाहेर येतो.