बर्गर कचऱ्यात, बालपण पिशवीत

अमेरिकेतली पन्नाशीची मंडळी हल्ली मॅक टुनाइटच्या आठवणीने हळवी होतात. चंद्रकोरीचं डोकं, काळा गॉगल आणि पुढ्यात पियानो! ऐंशीच्या दशकात मॅकडोनाल्ड्सने जाहिरातीत हा थाट मांडला तो काही कलेच्या सेवेसाठी नव्हे. रात्रीच्या जेवणाला गिऱ्हाईक खेचायचं होतं. पुढे गायक बॉबी डॅरिनच्या मुलाने, ही तर माझ्या वडिलांची नक्कल, म्हणून दावा ठोकला आणि चंद्र मावळला. डॉमिनोजच्या जाहिरातीतला लाल कपड्यांचा, लांब कानांचा नॉइड तर पिझ्झा नासवायलाच जन्मलेला. त्याच्यासाठीही उसासे टाकणारे आहेत.

खरी भक्ती मात्र दिसली १९९७ साली. मॅकडोनाल्ड्सच्या हॅपी मील या मुलांच्या जेवणासोबत टीनी बीनी बेबीज ही चिमुकली कापडी खेळणी मिळू लागली. लोकांनी खोक्यांवर खोकी घेतली, खेळणी खिशात घातली आणि बर्गर कचऱ्यात टाकले. खेळण्याची पिशवी फोडायचीही सोय नव्हती. पोराने हात लावला की भाव पडला! आज त्यातल्या बहुतेकांना चिल्लर मिळते. तरी मालकांच्या लेखी तो ठेवा अमूल्यच. खरंय म्हणा. गिऱ्हाईक मिळेनासं झालं की कुठलीही वस्तू अमूल्यच ठरते.