शेवटचं गाणं

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद; वर्षात फार तर 15 दिवस बारापर्यंत सूट. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. एवढ्यात ऑर्केस्ट्रावाल्याचं ‘हॅलो, माईक टेस्टिंग’सुद्धा बसत नाही, पण वाशिम असो की रिसोड, परवान्याच्या अर्जावर आयोजक बिनदिक्कत सही ठोकतो. साडेबाराला निवेदक गहिवरतो, ‘पोलीस बांधवांच्या विनंतीला मान देऊन शेवटचं गाणं!’ अशी शेवटची चार होतात. पाचव्याची फर्माईश पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून येते, तिला नाही कोण म्हणणार? शेजारचे आजोबा अखेर 112 लावतात. पलीकडून विचारणा होते, ‘काका, जरा मोठ्यानं बोला, मागं फार गोंगाट आहे.’