सरासरी ताप

समजा, तुम्ही डॉक्टरकडे गेलात. अंगात ताप नाही, थर्मामीटर ९८.६ दाखवतोय, तुम्हाला नोकरीसाठी एक फिटनेस सर्टिफिकेट तेवढं हवंय. डॉक्टर जुनी फाइल काढतात. तीत २०१२ सालच्या पावसाळ्यातला तुमचा १०४ ताप नोंदलेला आहे. ते कॅल्क्युलेटर उचलतात, दोन्ही आकड्यांची बेरीज करतात, दोनाने भागतात आणि चेहरा गंभीर करून सांगतात, “तुम्हाला १०१.३ ताप आहे. आठवडाभर पडून राहा.” असा डॉक्टर कुठे सापडलाच, तर त्याची सनद काढून घ्या म्हणून पहिला अर्ज मी करीन. पण अमेरिकेत डॉक्टर व्हायला निघालेल्या माणसाचे जुने मार्क साधारण याच पद्धतीने मोजले जातात, आणि मोजून झाल्यावर मान हलवणाऱ्या समितीत डॉक्टर मंडळीच मोठ्या संख्येने बसलेली असतात. रोग्याच्या बाबतीत ज्यांना आजचा ताप आणि २०१२ चा ताप यांतला फरक कळतो, त्यांना तो उमेदवाराच्या बाबतीत का कळू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

तिकडची रीत आधी सांगायला हवी. आपल्यासारखं बारावीनंतर थेट मेडिकलला जाणं तिथे जवळजवळ नाहीच. आधी चार वर्षांची पदवी, मग अर्ज, मग मेडिकलची चार वर्षं. प्रवेश घेणाऱ्यांचं सरासरी वय चोविसाच्या आसपास असतं. यापेक्षा आडवाटेने आलेल्याला, म्हणजे मध्ये सैन्यात जाऊन आलेल्या, सात वर्षं बासरी वाजवलेल्या किंवा लोकांची टॅक्स रिटर्न भरता भरता एक दिवस पेन खाली ठेवलेल्या माणसाला, तिथे ‘नॉनट्रॅडिशनल’ म्हणतात. आपल्याकडे लग्नाचं वय उलटलेल्या नवऱ्याला घोडनवरा म्हणायची पद्धत आहे. त्या चालीवर याला घोडविद्यार्थी म्हणू. सगळे घोडविद्यार्थी दयेला पात्र नसतात. ज्याचे जुने मार्क झकास आहेत त्याची सात वर्षांची बासरी समितीला फार गोड लागते. मी वकीलपत्र घेतलंय ते दुसऱ्याचं. एकोणिसाव्या वर्षी ज्याचं चित्त अभ्यास सोडून बाकी सर्वत्र होतं, ज्याने ऑरगॅनिक केमिस्ट्रीत गटांगळी खाल्ली, आणि तिशीत ज्याला आपल्याला नेमकं काय व्हायचंय ते कळलं, तो माझा अशील.

या माणसाचा अर्ज बहुतेक कॉलेजांसाठी एकाच खिडकीतून जातो. एएमसीएएस हे तिचं नाव. यमाच्या दरबारात चित्रगुप्त जे काम करतो तेच काम ही खिडकी करते, फरक इतकाच की चित्रगुप्त फी घेत नाही. शाळेनंतर अमेरिकेतल्या ज्या ज्या कॉलेजात पाय ठेवला असेल, त्या प्रत्येकाची मार्कांची यादी तिला द्यावी लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गंमत म्हणून घेतलेला एक विषय असो की वीस वर्षांपूर्वीचं एक सत्र, सगळं. नापास झालेला विषय पुन्हा घेऊन त्यात ‘ए’ मिळवला तर? आपल्याकडे एटीकेटी सुटली की माणूस पेढे वाटतो आणि विषय संपतो. तिथे जुना ‘एफ’ आणि नवा ‘ए’ दोघेही वहीत राहतात, सासू-सून एका स्वयंपाकघरात राहतात तसे. ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजांची वेगळी खिडकी एके काळी नवा मार्क घेऊन जुना सोडून द्यायची. २०१७ साली तिनेही ही सवलत बंद केली.

आता आकडेमोड. ही मात्र कागद-पेन्सिल घेऊन कुणीही ताडून पाहावी. ग्रेडचं माप चारचं: ‘ए’ म्हणजे ४, ‘एफ’ म्हणजे शून्य. आपल्या अशिलाने चार वर्षांत १२० क्रेडिट २.५ च्या सरासरीने केली, म्हणजे बी आणि सी यांच्यामध्ये कुठेतरी. तिशीत तो पुन्हा कॉलेजात गेला, वर्षभर घाम गाळला आणि तीसच्या तीस क्रेडिटमध्ये ‘ए’ मिळवला. नवी सरासरी किती? २.८. त्याच्या आईला सांगायला जावं तर तीही म्हणेल, “एवढंच?” सरासरी ३.५ वर न्यायची असेल तर त्याला २४० क्रेडिट निव्वळ ‘ए’ने करावी लागतील. वर्षाला तीसच्या वेगाने आठ वर्षं. आणि प्रवेश मिळवणाऱ्यांची गेल्या काही वर्षांतली सरासरी आहे ३.७५ च्या घरात. तिथवर पोचायला ६०० क्रेडिट, म्हणजे वीस वर्षं एकही ‘बी’ न मिळवता. तिशीत सुरुवात केली तर पन्नाशीत गडी अर्ज भरायला मोकळा. ४ हा आकडा त्याला या जन्मी नाहीच. आत्म्याने कितीही योनी फिराव्यात तरी मोक्ष चार बोटं दूरच. चार वर्षांच्या उडाणटप्पूपणाला वीस वर्षांचं प्रायश्चित्त हा दर आमच्या धर्मशास्त्रातसुद्धा कडक मानला गेला असता.

दोष इथे कुणाच्या दुष्टाव्याचा नाही, सरासरी या हत्याराचा आहे. सरासरीला काळ कळत नाही. तिच्या लेखी २०१२ चा ‘एफ’ आणि २०२४ चा ‘ए’ एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसलेले असतात. कोण आधी आला, कोण नंतर, याची तिला पर्वा नसते. जो आधी ‘ए’ मिळवत होता आणि आता घसरत चाललाय तोही २.८, आणि जो आधी घसरला होता आणि आता चढतोय तोही २.८. वैद्यकात पहिला प्रश्नच काळाचा असतो: कधीपासून दुखतंय, वाढतंय की कमी होतंय? हा प्रश्न न विचारता गोळी देणाऱ्याला विद्यार्थीदशेतच झापतात. मग हाच प्रश्न न विचारणारा आकडा विद्यार्थी निवडायच्या दारावर चौकीदार म्हणून कसा चालतो?

इथे कुणी म्हणेल, तुम्ही चित्रगुप्तावर अन्याय करताय. त्याच्या वहीत वर्षवार मार्क वेगळे दाखवतात, पदवीनंतरच्या अभ्यासाचा रकानाही वेगळा असतो. चढता आलेख ज्याला पाहायचा त्याला दिसतो. शिवाय तिथे ‘संपूर्ण माणूस’ पाहतात. पंधरा उपक्रम लिहायला जागा असते, मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरांत आत्मकथन लिहायचं असतं, शिफारसपत्रं असतात, मुलाखत असते. डॉक्टरच्या मागे दिवस दिवस सावलीसारखं उभं राहण्याच्या अनुभवालासुद्धा किंमत आहे. (आपल्या सरकारी रुग्णालयांत रोग्याचे नातेवाईक हा अनुभव फुकट आणि न मागता घेतात.) हे सगळं खरं आहे, आणि निष्ठेने पाहणाऱ्या समित्या आहेत हेही खरं. पण वही उघडली तर आलेख दिसणार. काही कॉलेजांकडे एका मोसमात दहा हजारांवर अर्ज येतात आणि जागा असतात दीडशे-दोनशे. इतक्या वह्या उघडायच्या कुणी? कुठेतरी चाळण लागणारच, आणि चाळणीची भोकं एका आकड्याच्या मापाची पाडणं सगळ्यांत सोपं. संपूर्ण माणूस पाहायचा तो चाळणीतून खाली पडला तर. आमचा अशील भाकरीच्या पिठातल्या कोंड्यासारखा वरच राहतो, आणि त्याचं हृदयस्पर्शी आत्मकथन, मोकळ्या जागांसकट, कुणाच्या हृदयापर्यंत जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मार्क म्हणजे काही नुसता छळ नव्हे. जुनी सरासरी आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा दोन्ही मिळून पाहिली तर पुढे मेडिकलमध्ये कोण तगेल याचा अंदाज एकेकटीपेक्षा बरा येतो. आणि रोग्याच्या दृष्टीने बघा, ज्याने एकदा अभ्यास टाळला तो उद्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाचन टाळणार नाही कशावरून? मला हे मान्य आहे की अंदाज बांधायला काहीतरी हवं. पण ज्या मुलांवरून हे अंदाज बांधले जातात त्यातली बहुतेक कॉलेजातून दोन-चार वर्षांत सरळ मेडिकलला आलेली असतात. त्यांचे मार्क ताजे असतात. तेच गणित दहा वर्षं शिळ्या मार्कांना लावणं म्हणजे कालच्या दुधावरून आजचं विरजण ओळखणं. ताजा पुरावा मागा ना, खुशाल मागा. त्यासाठीच तर तिथे पदवीनंतरचे खास अभ्यासक्रम आहेत. जॉर्जटाउन विद्यापीठातला १९७५ पासून चालू आहे. त्यात मेडिकलच्या तोडीचे विषय घेऊन दाखवायचं की पाहा, आता जमतंय. पण त्यातही मेख आहे: तो पदव्युत्तर धरला जातो, म्हणून त्याचे मार्क वेगळ्या रकान्यात जातात आणि जुनी सरासरी तसूभरही हलत नाही. भरभक्कम फी भरून ताप उतरवायचा आणि फाइलवर १०१.३ तसाच. राहिली एमकॅट. ४७२ ते ५२८ गुणांची, विश्रांती धरून साडेसात तासांची. ती आज काय येतं ते विचारते, म्हणून आमच्या अशिलाची खरी मैत्रीण तीच. तरी तिलाही जन्मात सात वेळाच भेटता येतं.

आता आपल्या गंगेकडे वळू. आपल्याकडची नीट परीक्षा ही चित्रगुप्ताच्या वहीच्या अगदी उलट टोकाची चीज आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीत मिळून खुल्या वर्गाला ५० आणि राखीव वर्गाला ४० टक्के असले की तुमचं शैक्षणिक पूर्वायुष्य कुणी विचारत नाही. बारावीला ५१ टक्के की ९९, गुणवत्ता यादीत दोघे शेजारी बसू शकतात. क्रम लावायचा तो ७२० गुणांच्या एका दुपारवरून. एक डुबकी, आणि मागचं सगळं धुतलं. वयाचंही तेच. २०१७ साली खुल्या वर्गाला २५ आणि राखीव वर्गाला ३० वर्षांची कमाल मर्यादा घातली गेली, प्रकरणं न्यायालयात गेली, आणि २०२२ मध्ये ही मर्यादाच उठली. २०२० साली तर दोघा मुलांना ७२० पैकी ७२० मिळाले तेव्हा वयाने मोठा तो पहिला, असा निवाडा झाला. त्याच वर्षीच्या परीक्षेतून ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने चौसष्टाव्या वर्षी सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. त्यांची १९७० च्या दशकातली मार्कशीट काढून कुणी सरासरी काढली नाही. घोडविद्यार्थ्याला याहून मोठा मान जगात कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

माझ्यावर आता लोक धावून येणार हे दिसतंय. नीटची तरफदारी? जिच्या घाटावर वीस लाखांहून जास्त माणसं डुबकीला उतरतात आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख, तिची? जिच्यात २०२४ साली पैकीच्या पैकी गुणांचे आधी ६७ जण निघाले, पेपरफुटीचा गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सुधारित निकालात ते १७ उरले, तिची? जिच्या नावाने कोट्याची आणि लातूरची शहरं उभी राहिली तिची? नाही. एका दुपारी पोट बिघडलं म्हणून वर्ष वाया जाणं हा काही न्याय नव्हे, आणि गंगा पाप धुते म्हणून तिचं पाणी प्यायच्या लायकीचं आहे असंही मी म्हणत नाही. मी तिचा एकच गुण उचलतोय: तिला विसरता येतं. तिकडची पद्धत माणसाचं सगळं पाहते म्हणून शहाणी असेलही, पण सगळं पाहणाऱ्याने सगळं लक्षात ठेवलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? आजी नातवंडांचं सगळं पाहते, आणि सोयीस्करपणे बरंच विसरते, म्हणून तर घर चालतं.

विसरण्याचा कायदा करता येतो याचा पुरावा अमेरिकेतच आहे. टेक्सासमध्ये ‘अ‍ॅकॅडेमिक फ्रेश स्टार्ट’ नावाची तरतूद आहे. तिथल्या रहिवाशाने मागितलं तर दहा वर्षं किंवा त्याहून जुने मार्क सरकारी विद्यापीठं प्रवेशासाठी धरत नाहीत, आणि टेक्सासची मेडिकल अर्जाची स्वतंत्र खिडकीही हे मानते. अट एकच, आणि ती फार न्यायाची आहे: वाईट तेवढं टाकायचं आणि चांगलं ठेवायचं असं चालत नाही. दहा वर्षांपूर्वीचा एफही गेला आणि एखादा चुकून आलेला ए-ही गेला. आमच्याकडे तप बारा वर्षांचं. टेक्सासने दोन वर्षांची सूट दिली. बाकीच्या राज्यांतल्या अशिलांनी काय करावं? एक पळवाट आहे, पण ती जन्मवेळेलाच सुचायला हवी. एएमसीएएस परदेशी कॉलेजांचे मार्क आपल्या सरासरीत धरत नाही. म्हणजे पहिली गटांगळी खायचीच असेल तर ती न्यू जर्सीत न खाता पुण्यात खावी. बहुतेक कॉलेजं नंतर काही वर्षांचा अमेरिकी अभ्यास मागतातच, पण ती पाटी कोरी मिळते. एडिसनमधल्या मराठी आईबापांना मुलाला उलट्या दिशेने पाठवण्याचं हे कारण आजवर कुणी सांगितलं नसेल.

तशी अमेरिकेला ही विस्मृती एके काळी सहज जमत होती. १८८३ साली कल्याणची, अठरा वर्षांची एक मुलगी फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजात दाखल झाली. कॉलेजची पदवी नाही, शाळासुद्धा धड सलग नाही. शिक्षण झालं ते बरंचसं नवऱ्याच्या हट्टाने घरी. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसणार नाही, हे आनंदीबाई जोशींनी अर्जाच्या पत्रात स्वतःच लिहून टाकलं होतं, आणि आपल्या देशातल्या बायकांना डॉक्टर हवी आहे हेही. कॉलेजने दुसरं वाक्य वाचलं. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. आज त्यांनी तोच अर्ज भरायला घेतला असता तर आत्मकथन ५,३०० अक्षरांत आरामात बसलं असतं, उपक्रमांत समुद्रप्रवास लिहिता आला असता, शिफारशींनाही तोटा नव्हता. फक्त ‘आजवर शिकलेली सर्व महाविद्यालये’ या रकान्यापाशी त्या थांबल्या असत्या. तो रिकामा ठेवून पुढचं बटण दाबलं असतं, आणि पान पुन्हा तिथेच आलं असतं, रकान्याशेजारी एक लाल फुली घेऊन.