किरकोळमीमांसा

मासिक अंदाजपत्रकातून बचत कशी करावी, या विषयावर आजवर ज्यांनी लिहिले त्या सर्वांच्या घरात एक तारखेला पगार येत असावा, असा आमचा दाट संशय आहे. जपानच्या हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाच्या वहीचा नमुना काढला आणि तिथल्या गृहिणींच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यात आकडे भरत आल्या. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरेन यांनी लेकीबरोबर लिहिलेल्या २००५ च्या पुस्तकात मिळकतीचे तीन वाटे पाडले. निम्मी गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. वाटणी झकास आहे. मात्र 'कशाचे वीस टक्के?' हा प्रश्न कारंजा (घाडगे) येथे जून महिन्यात, बियाण्याच्या दुकानासमोरच्या रांगेत उभे राहून विचारून पाहावा आणि जे उत्तर मिळेल ते छापण्याजोगे करून आम्हाला कळवावे.

हा प्रबंध त्यामुळेच लिहावा लागला. विषय अगदी लहान आहे: घरखर्चाच्या वहीतला शेवटचा रकाना, 'किरकोळ'. प्रतिपाद्य एवढेच की घरात जी काही बचत होते ती याच रकान्यात राहते, आणि वही जितकी खरी तितकी शिल्लक कमी.

स्थळ

कारंजा हे वर्धा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, नागपूर-अमरावती महामार्गावरचे. दुसरे कारंजा वाशीम जिल्ह्यात, लाडांचे. तिसरे उरणपाशी, समुद्रावर. गोंधळ नको म्हणून आमच्या गावाला कंसात 'घाडगे' जोडलेले आहे. आता हिशोबनीस मंडळी ताळेबंदात तोट्याचा आकडा कंसात घालतात हे वाचकांना ठाऊक असेलच. ज्या गावाच्या पाटीवरच कंस आहे त्याच्याकडून शिल्लक मागणे हा मुळातच आगाऊपणा होय. कंस लाडांनाही आहे, पण तिकडे निदान नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी असल्याचे पुण्य गाठीला आहे.

जिल्हा मात्र हिशोबात कच्चा नाही. लंडनमध्ये शिकत असताना रोज झोपण्यापूर्वी बसभाड्यापासून टपालाच्या तिकिटांपर्यंत पैन्‌पै लिहून ठेवणारे गांधीजी १९३६ मध्ये इथेच, सेवाग्रामला येऊन राहिले. लंडनमध्ये हिशोबतपासनीस झालेले जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहत. असे दोन कडक वहीवाले एकाच जिल्ह्याच्या वाट्याला आले.

काळ

खरी गाठ 'महिना' या वस्तूपाशी आहे. नोकरदाराचा महिना तीस दिवसांचा असतो. संत्र्याचा नसतो. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल लागते आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरते. मृग बहार पावसाच्या तोंडाशी फुलतो आणि फेब्रुवारीनंतर तोडीला येतो. म्हणजे फुलापासून पैशापर्यंत आठ-नऊ महिने जातात. तेही व्यापाऱ्याने इसार देऊन ठेवल्यावर पुढे फळगळ दाखवून भाव पाडला नाही तर. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या आसपास, तुरीचे संक्रांतीनंतर, कापसाचे जशी वेचणी तसे. एकाधिकार कापूस खरेदी १९७२ मध्ये सुरू झाल्यापासून चुकाऱ्याचा दिवस विदर्भाच्या पंचांगात सणासारखा जाऊन बसला, फक्त त्याची तिथी कोणत्याही ज्योतिषाला सांगता येत नसे.

मजुराचे वर्ष बाजाराच्या दिवसांचे असते, कारण हप्ता त्या दिवशी चुकता होतो. पीएम किसानचे दोन हजार २०१९ पासून दर चार महिन्यांनी येतात आणि २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरीवालेही तेवढेच, त्याच चालीने. मग जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना निघाली आणि दरमहा दीड हजार रुपये बाईच्या खात्यात जमा होऊ लागले. या योजनेवर राजकीय पंडितांनी खंडोगणती लिहिले, पण तिचा कालगणनाशास्त्रातला अर्थ कुणीच सांगितला नाही: अनेक घरांत 'महिना' प्रथमच शिरला आणि तो बाईच्या नावाने शिरला. घरचा पुरुष अजून बहारात राहतो, घरची बाई महिन्यात राहते. पूर्वी शक की संवत असा वाद पंडितांत चाले, आता तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर चालतो.

या दोन कालगणनांचा मेळ घालण्याचे यंत्र भिंतीवर टांगलेले असते. १९७३ पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'च्या चौकोनात सूर्योदय, तिथी, नक्षत्र वगैरे छापलेले असते. त्याच्या कडेने पेन्सिलीत घातलेले बारीक आकडे दुधाचे, फुली म्हणजे खाडा, आणि संकष्टीच्या चंद्रोदयावर गोल केला असेल तर त्या दिवशी नवे सिलिंडर लावले असे समजावे. शिलालेख वाचणाऱ्यांनी इकडे अजून लक्ष दिलेले नाही. द्यायला हवे, कारण महिनाअखेरीला दूधवाल्याची वही आणि हे चौकोन यांत पडणारा फरक हाच किरकोळचा पहिला झरा आहे. सहा खाडे चौकोनात असतात, घरखर्चाच्या वहीत चारच उतरतात.

रकाना

किराणा, दूध, वीज, गॅस, शाळेची फी, रिचार्ज, औषधे, आहेर. या सगळ्याला काही ना काही पुरावा असतो. किरकोळला नसतो. मग त्याचा पुरावा आकड्यातूनच निर्माण करावा लागतो. किरकोळ अडीचशे लिहिणारी नवखी, दोनशे सदतीस लिहिणारी मुरलेली. पूर्णांकावर माणसाचा विश्वास बसत नाही हे तत्त्व इथल्या गृहिणींना संख्याशास्त्राचा एकही तास न बसता अवगत आहे. पोळा आणि महालक्ष्म्यांच्या महिन्यात रकाना फुगतो, कारण सणात विचारणा करणे अशुभ. वर्षातल्या इतर महिन्यांसाठी पुढील संवाद प्रमाण मानावा:

"का जी, हे किरकोळ कायचं आहे?"

"आता किरकोळ म्हंजे किरकोळच असते. त्याचं काय सांगू?"

इथे चर्चा संपते. १४९४ मध्ये लुका पाचोलीने जमा तेवढे नावे हा नियम छापून व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची सोय केली. पण ज्या नोंदीची दुसरी बाजू तुरीच्या डाळीच्या डब्यात आहे तिचे काय करावे, हे त्याने सांगितलेले नाही. रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माणूस एकाच पैशाचे मनातल्या मनात वेगवेगळे कप्पे करतो, हा त्यांच्या कामातला एक मोठा भाग. इथे ते कप्पे मनात नसून फळीवर, डाळ, पोहे आणि सांडगे अशा चढत्या उंचीने लावलेले असतात, एवढाच तपशिलाचा फरक.

पार्किन्सन यांनी १९६० च्या पुस्तकात नियम घालून दिला की मिळकत वाढेल तसा खर्च तिला गाठायला वाढतो. कारंज्यात हा नियम मोसमी आहे. दिसणारा पैसा जूनमध्ये मातीत जातो. दिवाळीला बँकेत टाकलेले, मृगाआधी बियाणे, खत, फवारणीचे औषध आणि बोअरच्या मोटारीचे वाइंडिंग यांत संपते, आणि यात कुणाची उधळपट्टी नसते. म्हणून बचत टिकवायची असेल तर ती दिसता कामा नये. बागाईतदाराला हे खरे तर सांगायला नको. मृग बहार धरायचा तर तो भर उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर झाड वाळते, नेमका बसला तर पहिल्या पावसाला फूल. किरकोळ हा घराला दिलेला ताण. किती दिवस आणि किती, हे ठरवणारी व्यक्ती वेगळी, एवढेच.

इथे बचत गटांचा पूर्वपक्ष उभा राहतो. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ चे. नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग १९९२ मध्ये पाचशे गटांवर सुरू केला. आज गट नाही असे गाव शोधावे लागेल. मग डाळीच्या डब्याची गरज काय? गट ही उत्तम संस्था आहे, त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. बैठक होते, रजिस्टर असते, आकडा सर्वांसमोर वाचला जातो. आणि तिथेच मेख आहे. वाचलेला आकडा संध्याकाळपर्यंत घरी पोचतो आणि जुलैत त्याला उत्तर मिळते: "गटातून काढ ना दहा हजार, फवारणीले लागते." गटातली बचत अब्रूची असते, म्हणून ती मागता येते. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे तसेच, साठ हप्त्यांचे पासबुक कपाटात सापडतेच. शहाणी बाई दोन्ही ठेवते, गटात दाखवायची आणि डब्यात राहायची.

शंका अशी घेतली जाते की हा अपहार नव्हे काय? कौटिल्याने राजकोशातून पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत आणि त्यात डाळीचा डबा नाही, म्हणजे निदान शास्त्राने तरी निषेध नोंदवलेला नाही. पण याहून थोर आधार घरातलाच आहे. एप्रिल १९२९ मध्ये 'नवजीवन'मध्ये गांधीजींनी जाहीरपणे लिहिले की वेगवेगळ्या लोकांनी वेळोवेळी भेट दिलेले शंभर-दोनशे रुपये कस्तुरबांनी आश्रमाच्या नियमाविरुद्ध स्वतःपाशी ठेवले होते. आणि पुढे पुन्हा अनोळखी मंडळींनी दिलेले चार रुपयेही त्यांनी जमा केले नव्हते. ही साबरमतीची गोष्ट. गांधीजींना त्यात दुःख आणि लाज दिसली. आम्हाला दिसते ते असे की देशातल्या सर्वांत कडक वहीच्या मालकाच्या घरीसुद्धा एक रकाना वहीबाहेर होता आणि तो शोधायला त्या मालकालाही वेळ लागला. ते चार रुपये हा किरकोळशास्त्राचा आद्य दाखला मानावा. सेवाग्रामला बा कुटी पाहायला जाणाऱ्यांनी तिथल्या साधेपणाकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे.

उत्खनन

या शास्त्रातले सर्वांत मोठे उत्खनन ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, आंबिया बहाराच्या सौद्यांच्या ऐन हंगामात झाले. पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या, भरायची मुदत ३० डिसेंबर. डबे उतरले, ठेवणीतल्या लुगड्यांच्या घड्या मोडल्या, देव्हाऱ्यातल्या तसबिरी भिंतीपासून सुटल्या. बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या नवऱ्यांना त्या आठवड्यात आपल्या संसाराचा खरा ताळेबंद समजला, आणि तो त्यांच्या समजुतीपेक्षा चांगला निघाला. चीड आणि दिलासा एकाच चेहऱ्यावर कसे मावतात, हे ज्यांनी तेव्हा पाहिले त्यांना पुन्हा नाटक पाहायची गरज नाही. जुन्या अभ्यासकांच्या मते त्या दिवशी किरकोळचे युग संपले. आमचे मत वेगळे आहे. आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये निकाल दिला की नोटाबंदीत गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रोकड दडवलेले उत्पन्न मानता येणार नाही. याचा सरळ अर्थ, ज्या रकान्यावर घरात कुणी विश्वास ठेवत नव्हते त्याला कायद्याने मान्यता दिली. मधल्या काळात डबे पुन्हा भरू लागले होते. फरक इतकाच की आता नोटा शंभराच्या असतात आणि डबा मोठा लागतो.

नवे संकट फोनचे आहे. वीस रुपयांची कोथिंबीरही फोनवरून घेतली की नोंद उमटते, तारीख-वेळेसह, आणि खात्याला जोडलेला नंबर बऱ्याच घरांत नवऱ्याचा असतो. पुण्याला नोकरी करणारे चिरंजीव दिवाळीत येऊन वडिलांच्या फोनमध्ये खर्चाचे ॲप टाकून जातात. त्यात रंगीत वर्तुळ असते, वर्तुळात किराण्याचा वाटा निळा, औषधांचा तांबडा. किरकोळला रंगच नाही. काही विद्वानांनी यावरून रकान्याच्या मृत्यूची वार्ता दिली. ती देताना त्यांनी किराणा दुकानात जाऊन पाहिले नाही. तिथे बाई बाराशेचे सामान घेते, फोनवरून सतराशे पाठवते आणि पाचशे रोख पदराला बांधते. दुकानदार गल्ला उघडताना एक शब्द बोलत नाही, कारण त्याच्या घरीही वही आहे.

महिनाअखेरीला निळा भाग फुगलेला दिसतो. "किराणा लयच महागला बा," असे फोनकडे पाहत कुणीतरी म्हणते, सरकारला दोन शब्द सुनावते. स्वयंपाकघरातून "तेल महागलं ना जी," असे उत्तर येते, आणि तेल खरोखरच महागलेले असते.