दिवाळीत घरबसल्या लुबाडले जाण्याची सोपी रीत

दसरा उलटला की माळे रिकामे होतात, बोनसच्या वार्ता सुरू होतात आणि मोबाइल खणखणू लागतो. लुबाडले जायला आता गर्दीत खिसा कापून घ्यावा लागत नाही. मात्र काम चोख व्हायचे तर इच्छुकाने थोडी शिस्त पाळावी.

आधी अंगी घाई बाणवावी. ‘पैठणी फक्त ४९९ रुपयांत, उरली ११ मिनिटे’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर आत्याने टाकलाय ना, मग संपलेच. आत्या कशाला खोटे बोलेल? वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का असला तर मागणी मोठी आहे असे समजावे. लिंक उघडल्यावर पत्ता वाचत बसू नये. दुकानाच्या नावात एखादे अक्षर जास्त असले म्हणून काय झाले? पान पुन्हा उघडूनही पाहू नये. ११ मिनिटे परत पहिल्यापासून सुरू झालेली दिसतात आणि मूड जातो. ग्राहकाला गंडवणाऱ्या तेरा ‘डार्क पॅटर्न’ची यादी केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढली, त्यात पहिलाच मान या खोट्या घाईला आहे. सरकारला सणाचा उत्साह कुठून कळणार!

जुना सोफा ऑनलाइन विकायला काढणे हा मात्र राजमार्ग. जाहिरात पडते न पडते तोच ‘आर्मी ऑफिसर’चा फोन येतो. तो घासाघीस करत नाही, सोफा बघायलाही येत नाही. आपल्या सोफ्याला असे गिऱ्हाईक मिळावे यात वावगे काहीच नाही. तो ओळखपत्राचा फोटो धाडतो, विश्वासासाठी दोन रुपये पाठवतो, ते खरोखर जमा होतात. मग येतो क्यूआर कोड: ‘सर, स्कॅन करून पिन टाका, आठ हजार तुमच्या खात्यात.’ यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे या घटकेला आठवू देऊ नये. स्क्रीनवर ‘पे’ दिसलेच तर त्यावर अंगठा धरावा. आठ हजार उलटे गेले की तो म्हणेल, ‘चुकून झालं सर, परत स्कॅन करा.’ करावे. देशाच्या जवानाला नाही कसे म्हणायचे?

बाकी किरकोळ. कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये पहिला दिसेल तोच लावावा आणि समोरचा सांगेल ते स्क्रीन शेअरिंगचे ॲप मुकाट्याने घ्यावे. ‘पत्ता अपुरा आहे’ म्हणून कुरिअरवाल्याने एपीके फाइल पाठवली तर ती उघडावी. त्याने २१ पासून सुरू होणारा कोड डायल करायला सांगितला तर तोही करावा. आपले कॉल परस्पर त्याच्याकडे वळतात, फोनवरून येणारा ओटीपी वाचून दाखवण्याचे कष्ट वाचतात.

पैसे गेल्यावरचे पथ्य सर्वांत कडक: १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करू नये. केला, तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याचा धोका असतो. बँकेलाही कळवू नये. दोन दिवस घरच्यांपासून लपवावे, मग ‘आमच्या ओळखीत एकाचे असे झाले’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर विचारावे, आणि भाऊबीज आटोपली की सवडीने पोलिसांत जावे. मधल्या काळात ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फी फक्त दोन हजार’ असा फोन आला तर ठेवून देऊ नये. पिन पाठ आहेच.