पाव गुंठ्याचे सर्कलसाहेब

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ पहाटे साडेपाचला हातात झारी घेऊन आपल्या दारावरून जाऊ लागला, की सुज्ञ मनुष्याने अंथरूण सोडू नये, आणि चुकून सोडलेच तर निदान खिडकीशी उभे राहू नये, हे शहाणपण मला अंमळ उशिरा आले. तुमच्याही गावात असा एक गृहस्थ असणारच. रस्त्याच्या दुभाजकात, टपाल कचेरीच्या पायरीशी किंवा चौकातल्या वाटोळ्या कट्ट्यात ऋतुमानाप्रमाणे फुले लावणारा, त्याबद्दल कोणाकडून छदामही न घेणारा, आणि नेमक्या त्याच कारणाने साऱ्या गावाला आपला ऋणको समजणारा.

आमचे हे गृहस्थ महसूल खात्यात मंडळ अधिकारी होते. या हुद्द्याला लोक 'सर्कल' म्हणतात, आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी आमच्या तालुक्याच्या गावच्या चौकातला जो कट्टा फुलझाडांसाठी ताब्यात घेतला, त्यालाही लोक सर्कलच म्हणतात. त्यामुळे 'सर्कल कुठे भेटतील?' या प्रश्नाला 'सर्कलात' असे उत्तर मिळून परगावच्या माणसाला आमच्या बुद्धीविषयी जो संशय येतो, तो निवारण करण्याचा आता आम्ही प्रयत्नही करीत नाही.

ताबा घेतला त्या दिवशी साहेबांनी प्रथम कुदळ आणली नाही, टेप आणली. आणि मी खिडकीशी उभा असल्यामुळे तिचे दुसरे टोक माझ्या हाती आले. 'मास्तर, उभेच आहात, तर जरा धरा,' एवढ्या एका वाक्यात माझी जी नेमणूक झाली, तिची मुदत पुढे नऊ वर्षे संपली नाही. व्यास सहा मीटर भरला. म्हणजे क्षेत्र सुमारे २८ चौरस मीटर, म्हणजेच पाव गुंठ्याहून किंचित अधिक. पैकी मधला दिव्याचा खांब आणि त्याला बांधलेला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक यांनी अडविलेली जागा साहेबांनी तात्काळ 'पोटखराबा', म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून वजा केली. फलकावरचे भावी नगरसेवक महिन्यामहिन्याला बदलत गेले; पोटखराबा मात्र कायम राहिला.

या पाव गुंठ्याचे दप्तर म्हणजे दोनशे पानांची एक लांबोडकी वही. खताचा हिशेब आणि खातेदारांची नोंद अशी दोन्ही कामे तीत होत असल्यामुळे तिला 'खतावणी' हेच नाव योग्य, असे साहेबांचे म्हणणे होते, आणि हा त्यांनी आयुष्यात केलेला एकमेव विनोद असून तो विनोद आहे हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. साधा मनुष्य रोप लावतो. साहेब रोपाची फेरफार नोंद घालीत. प्रत्येक खातेदाराचे मूळ राहण्याचे ठिकाण लिहिल्याखेरीज त्याच्या मुळाशी पाणी पडत नसे. झिनिया, मूळ राहणार मेक्सिको. कॉसमॉस, मेक्सिको. डेलिया, मेक्सिको. गुलबक्षी, तीही अमेरिका खंडातली. सदाफुली, मादागास्कर. ज्याच्या तोरणावाचून दसऱ्याला दार ओकेबोके वाटते तो झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचाच निघाला, तेव्हा आमच्या मंडळींपैकी निवृत्त कंपाउंडरांना खरोखर वाईट वाटले. साहेबांनी त्यांचे सांत्वन केले. 'अहो, वहिवाट महत्त्वाची. दोनचारशे वर्षे कब्जात आहे. आता कोण उठवतो त्याला?' अस्सल वतनदार असा एकच, तो तेरडा. गौरीच्या सणाला तेरड्याची रोपे मुळांसकट घरात आणतात, तीच गौर, आणि त्या मुळ्या म्हणजे तिची पावले. तेव्हा त्याच्या नावापुढे मूळ ठिकाण न लिहिता साहेबांनी नुसते 'येथलाच' असे लिहिले होते. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण कोणी त्यांच्यासमोर उच्चारली तर ते खतावणी उघडून एकेका रोपाची पहिल्या कळीपासून शेवटच्या फुलापर्यंतची तारीखवार पीकपाहणी वाचून दाखवीत. ती संपेपर्यंत ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचा रंग तीनदा उडे.

पंचनाम्याची आवड त्यांना नोकरीत लागली असावी, पण ती फुलली ती सर्कलात. पिटुनियाचे बी इतके बारीक असते की ते वाळूत कालवून पेरावे लागते. एका हस्त नक्षत्रात साहेब ते बी तळहातावर घेऊन उभे असताना कंपाउंडरांना शिंक आली, आणि हिवाळ्याचा निम्मा हंगाम निमिषार्धात अंतर्धान पावला. पंचनामा झाला. आपत्तीचा प्रकार: शिंक. बाधित क्षेत्र: संपूर्ण. पंच म्हणून माझी सही झाली आणि कंपाउंडरांचा जबाब त्यांच्या दुसऱ्या शिंकेसह नोंदविला गेला. पुढे फेब्रुवारीत 'पिटुनियाची पैसेवारी शून्य. पन्नासच्या आत आली की टंचाई जाहीर होते' असे सांगून साहेबांनी आम्हा प्रत्येकाकडून शंभर रुपये वसूल केले, ते तगाई म्हणून की दंड म्हणून, हे मला अजून समजलेले नाही.

बागकाम त्यांना येत नव्हते, असे मात्र मी म्हणणार नाही. उलट ते इतके येत होते की त्याचाच त्रास होई. झेंडूचा शेंडा खुडला म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुले वाढतात, हे कोणताही माळी सांगेल. सुकलेली फुले वेळीच काढली नाहीत तर झाड बी धरते आणि फुलणे आवरते घेते, हेही. पण सर्कलात सुकलेले फूल 'काढले' जात नसे, ते 'नियत वयोमानानुसार निवृत्त' होई. 'वरचा निवृत्त झाला की खालच्याला बढती मिळते, मास्तर,' असे म्हणत ते कात्री चालवीत, आणि ज्या फुलात अजून थोडी धुगधुगी दिसे त्याच्यापाशी त्यांचा हात क्षणभर थांबे. मुदतवाढ मात्र त्यांनी कोणालाही दिली नाही.

शेवंतीचे प्रकरण याहून बिकट. एका वर्षी सर्कलाच्या कडेची शेवंती वेळेवर फुलली आणि खांबाजवळची नुसतीच हिरवी वाढत राहिली. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते, आणि खांबावरचा दिवा तिला रात्र होऊच देत नव्हता. दिवा बंद करावा असा अर्ज साहेबांनी एका कचेरीत दिला आणि त्याची पोच जपून ठेवली. दिवा अर्थात बंद झाला नाही. मग पुढल्या साली पाऊस सरल्यापासून रोज संध्याकाळी बांबूच्या कामट्या रोवून त्यांवर गोणपाटे टाकायची आणि पहाटे काढायची, असा हुकूम सुटला. चौकात रात्री डोक्यावर गोणपाट घेऊन ओळीने बसलेल्या त्या आकृत्या पाहून गस्तीच्या शिपायाने पहिल्या रात्री 'कोण आहे रे तिकडे?' असे तीनदा विचारले, आणि अडोशाला उभ्या असलेल्या साहेबांनी 'शेवंती, सोळा नग' असे उत्तर दिले. ते बाईचे नाव समजून शिपायाने पुढे जी चौकशी केली ती येथे देत नाही. त्या वर्षी खांबाजवळची शेवंती डिसेंबरात अशी फुलली, की भावी नगरसेवकांनी आपला फलक हात-दीड हात वर बांधून घेतला.

आता गुन्ह्याकडे वळतो. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी पहाटे सर्कलातले तेवीस झेंडू नाहीसे झाले. साहेबांनी देठ मोजले, तुटलेल्या टोकांवरून चोर उजव्या हाताचा आणि बेताच्या उंचीचा असल्याचे अनुमान काढले, पंचनामा लिहिला, आणि नेहमीप्रमाणे मी पंच म्हणून सही केली. घरी येऊन पाहतो, तर देवघरात महालक्ष्मीचा घट मांडलेला, आणि भोवती झेंडू. मी मोजले. दोनदा मोजले. 'अहो, देवाची फुलं कसली मोजता?' असे विचारण्यात आले. बाजारात झेंडू काय भावाने आहे हेही सांगण्यात आले, आणि गावाच्या जागेतली फुले गावच्या माणसाने घरच्या देवाला वाहण्यात चोरी कसली, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच संध्याकाळी साहेब पंचनाम्याच्या दुसऱ्या प्रतीवर सही घ्यायला आले. त्यांना तीर्थप्रसाद देणे भाग होते. एरवी देवापुढे घाईघाईने हात जोडणारा तो मनुष्य त्या दिवशी देवघरापुढे बराच वेळ निश्चल उभा राहिला, आणि उतारवयात माणसाचे मन ईश्वराकडे कसे वळते, यावर मी रात्री उगाचच विचार केला. त्यानंतर आमच्या घरी रोज पाच झेंडू येत राहिले. आश्चर्य असे, की पुन्हा पंचनामा झाला नाही.

एका सप्टेंबरात आम्ही त्यांना कासच्या पठारावर नेले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात घेतलेले ते पठार. साडेआठशेंवर जातींच्या फुलझाडांची तेथे नोंद आहे, एवढे सांगताच साहेबांनी खतावणी काखेत मारली. जांभ्या कातळावर बोटभर माती, आणि तीवर नजर पोहोचेल तिथवर जांभळट गुलाबी तेरडा. मध्ये गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, पाणथळीला सीतेच्या आसवांचा निळा शिडकावा. ना झारी, ना शेंडे खुडणारा, ना शंभर रुपये वसूल करणारा. कोणीतरी म्हणाले, टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. साहेबांनी ओठांतल्या ओठांत काही बेरीज केली आणि ती मोठ्याने सांगितली नाही. खतावणी उघडली, पेन काढले, आणि तसेच मिटले. 'मास्तर,' ते म्हणाले, 'हे सगळे आमच्या दप्तरात पोटखराबा लागले असते.' परतीच्या वाटेवर यवतेश्वरचा घाट उतरेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि नऊ वर्षांत प्रथमच मला त्यांच्या बडबडीवाचून करमले नाही. हे कबूल करायला मला आजही जड जाते.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांचे गुडघे गेले. मुलगा पुण्याहून येऊन त्यांना घेऊन गेला. अकराव्या मजल्यावर घर आहे, सज्जात पाच कुंड्या आहेत, आणि शेजारच्या सज्जाची हद्द कायम करण्याविषयी त्यांचा पत्रव्यवहार चालू आहे, असे कळते. जाण्यापूर्वी त्यांनी मला रीतसर चार्ज दिला: झाऱ्या दोन, कात्री एक, गोणपाटे सोळा पैकी फाटकी चार, आणि खतावणी. मी पोच लिहून दिली. निरोप वगैरे काही झाला नाही. फक्त मोटारीच्या काचेतून 'मृग लागला की तेरडा उगवेल, तो भांगलू नका, वारस नोंद घाला,' असे त्यांनी ओरडून सांगितले.

मृगाचा पाऊस झाला. मागल्या साली टरफले फुटून उडालेले बी सर्कलात तर रुजलेच, पण कट्ट्याबाहेर डांबराच्या भेगेतही तेरड्याची चार रोपे वर आली. हे अतिक्रमण की क्षेत्रवाढ, ते ठरविण्यासाठी मी रात्री प्रथमच खतावणी सवडीने उघडली. पाने उलटता उलटता झेंडूचे खाते लागले. उजवीकडे 'इतर हक्क' या सदरात, त्या मार्गशीर्षातल्या गुरुवारची तारीख घालून, त्यांच्या किरट्या अक्षरात लिहिले होते:

'मास्तरांच्या घरचा देव. देवस्थान इनाम, वर्ग ३. झेंडू रोज ५. मार्गशीर्षाच्या गुरुवारी २३ (समक्ष जाऊन मोजले). सारा माफ. वहिवाट खंडित करू नये. मास्तरांस कळविण्याचे कारण नाही.'

'अहो, एवढं काय वाचताय?' आतून विचारणा झाली.

'काही नाही,' मी म्हणालो. 'जुने दप्तर आहे.'